इजिप्तच्या वस्तू इजिप्तला परत द्यायच्या का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लंडनला किंवा पॅरिसला जाऊन आलेल्या माणसाच्या मोबाइलमध्ये ममीचा किंवा रोझेटाच्या शिळेचा फोटो असतोच. तो दाखवून झाला की प्रश्न सुरू होतात: हे सगळं तिकडे गेलं कसं? परत का देत नाहीत? दिलं तर तिथे नीट राहील का? इजिप्तच्या इतिहासावर लिहिता-बोलताना मला हमखास विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची माझी उत्तरं इथे एकत्र केली आहेत. या वादात मी तटस्थ नाही, आणि ते उत्तरांतून कळेलच.

परदेशातल्या सगळ्या इजिप्शियन वस्तू चोरीच्या आहेत का?

नाही. आणि सगळ्यांना एकाच मापाने मोजलं की खऱ्या तक्रारीचाही जोर जातो.

काही वस्तू युद्धात हिसकावल्या गेल्या. काही परवान्यावर गेल्या: एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इजिप्तचा कारभार मुहम्मद अली पाशाच्या हातात होता, आणि युरोपच्या वाणिज्यदूतांना खूश ठेवायला तो उत्खननाचे परवाने सढळ हाताने देत असे. ब्रिटनचा वाणिज्यदूत हेन्री सॉल्ट आणि फ्रान्सचा बर्नार्डिनो ड्रोव्हेत्ती यांच्यात तर चढाओढच लागली होती. सॉल्टसाठी काम करणाऱ्या बेल्झोनीने रामसेस दुसरा याच्या पुतळ्याचा सव्वासात टनांचा वरचा भाग थीब्जमधून (आजच्या लुक्सरमधून) ओढत नाईलपर्यंत आणला. तो आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. ड्रोव्हेत्तीचा संग्रह १८२४ मध्ये तुरीनला विकला गेला आणि त्यातून तिथलं इजिप्शियन संग्रहालय उभं राहिलं.

तिसरा मार्ग वाटणीचा. परदेशी पथकाने स्वतःच्या पैशाने खोदायचं आणि सापडलेल्यातला ठरलेला हिस्सा कायदेशीरपणे घेऊन जायचा. चौथा मार्ग भेटीचा, आणि पाचवा सरळ चोरीचा, जो आजही बंद झालेला नाही.

म्हणून प्रत्येक वस्तूपुढे उभं राहून एवढंच विचारायचं: ही कोणाच्या हातून, कोणत्या कागदावर आणि कोणाच्या संमतीने बाहेर पडली? संमतीच्या रकान्यात इजिप्तच्या माणसाचं नाव फार क्वचित सापडतं. १८५८ मध्ये पुरावस्तू खातं स्थापन झालं ते ऑगुस्त मारिएत या फ्रेंच माणसाच्या हाताखाली, आणि १९५२ पर्यंत त्या खात्याच्या खुर्चीवर फ्रेंच अधिकारीच बसत आले. १८८२ पासून देशावर ब्रिटिशांचा ताबा होता. वाटणी करणारा आणि वाटणी घेणारा, दोघेही परदेशी.

रोझेटाच्या शिळेवर ब्रिटनचा हक्क कसा काय?

जुलै १७९९ मध्ये रशीद गावाजवळ एका जुन्या किल्ल्याची डागडुजी करताना नेपोलियनच्या सैनिकांना ती सापडली. रशीदलाच युरोपीय लोक रोझेटा म्हणत. बुशार नावाच्या अधिकाऱ्याच्या लक्षात आलं की एकाच दगडावर तीन लिप्या आहेत: वर चित्रलिपी, मध्ये रोजच्या वापरातली डेमॉटिक, खाली ग्रीक. १८०१ मध्ये फ्रेंच हरले, अलेक्झांड्रियाचा तह झाला, आणि फ्रेंचांनी गोळा केलेल्या पुरावस्तू ब्रिटिशांना द्यायच्या असं त्या तहाच्या एका कलमात लिहिलं गेलं. १८०२ पासून शिळा लंडनमध्ये आहे.

मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा काचेसमोर एवढी गर्दी होती की पुढून काही दिसेना, म्हणून बाजूला सरकले. आणि तिच्या कडेवर रंगाने लिहिलेली इंग्रजी अक्षरं दिसली. फिकट झालीत, पण वाचता येतात. एका कडेवर आशय असा: १८०१ मध्ये ब्रिटिश सैन्याने इजिप्तमध्ये ताब्यात घेतली. दुसऱ्या कडेवर: राजा तिसरा जॉर्ज याच्याकडून भेट. दोन हजार वर्षं जुन्या कोरीव ओळींना लागून हा शिक्का. पुढच्या बाजूला खाली डाव्या कोपऱ्यात एक छोटा चौकोन काळपट ठेवलेला आहे. पूर्वी अक्षरं उठून दिसावीत म्हणून दगडावर मेण चढवून अक्षरांत पांढरा रंग भरत. १९९९ च्या सुमारास सगळं साफ केलं तेव्हा तेवढा तुकडा आठवण म्हणून राखला. तोवर जिला बसाल्ट समजत होते ती शिळा ग्रॅनोडायोराइटची निघाली, वरच्या कोपऱ्यात गुलाबी शीर असलेली.

ब्रिटिश म्युझियमचं म्हणणं असं की तह कायदेशीर होता आणि त्यावर उस्मानी (तुर्की) नौसेनापतीचीही सही होती. म्हणजे दोन परकी सैन्यं लढली, तिसऱ्या परक्या सत्तेच्या अधिकाऱ्याने सही केली, आणि ज्यांच्या जमिनीत दगड होता त्यांना विचारायचं कोणाच्याही मनात आलं नाही. त्या काळच्या रिवाजाला हे धरून असेल. पण आज कोणी तोच कागद पुढे करून न्यायाची भाषा करू लागला तर मला ते पटत नाही.

१९७२ मध्ये ही शिळा महिनाभरासाठी पॅरिसला पाठवली होती. इजिप्तला ती कधीच गेलेली नाही. २००५ मध्ये प्रतिकृती गेली. २०२२ मध्ये लिपी उलगडल्याला दोनशे वर्षं झाली तेव्हा पुरातत्त्वज्ञ मोनिका हन्ना आणि माजी पुरावस्तू मंत्री झाही हवास या दोघांनीही परतीसाठी वेगवेगळ्या सह्यांच्या मोहिमा चालवल्या.

आणि शिळेवर मजकूर काय आहे? इ.स.पू. १९६ मध्ये मेंफिसला जमलेल्या पुरोहितांचा, पाचव्या टॉलेमी राजाच्या गौरवाचा ठराव. त्याच्या शेवटी हुकूम आहे की हा ठराव कठीण दगडावर तीन लिप्यांत कोरून इजिप्तच्या देवळांत उभा करावा. ती कुठे असावी हे तिच्यावरच लिहिलेलं आहे.

पण शिळा युरोपात गेली म्हणूनच चित्रलिपी वाचता आली ना?

हा मुद्दा मला जवळजवळ प्रत्येक व्याख्यानानंतर ऐकावा लागतो. घटनाक्रम बघा. शिळा लंडनला होती आणि फ्रेंच विद्वान शाँपोलियाँने १८२२ मध्ये लिपी उलगडली ती पॅरिसमध्ये. त्याच्यापुढे होत्या नकला आणि ठसे. फ्रेंच विद्वानांनी शिळेवर शाई लावून कागदावर ठसे घेण्याचं काम १८०० मध्ये कैरोतच केलं होतं. ज्ञानासाठी लागली ती अक्षरांची नक्कल. दगडाची मालकी लागली नाही. शिवाय शाँपोलियाँची खरी किल्ली होती कॉप्टिक भाषा. प्राचीन इजिप्तच्या भाषेचं हे शेवटचं रूप तिथल्या ख्रिस्ती चर्चने उपासनेत जिवंत ठेवलं होतं. ही मदत कोणत्याही वस्तुसंग्रहालयातून आलेली नव्हती.

नेफर्टिटीचा पुतळा तर वाटणीत गेला. मग इजिप्तची तक्रार कशाबद्दल?

वाटणी सचोटीने झाली का, याबद्दल.

६ डिसेंबर १९१२ रोजी अमार्नाला थुटमोस नावाच्या शिल्पकाराच्या कारखान्याच्या जागी लुडविग बोर्खार्टच्या जर्मन पथकाला राणी नेफर्टिटीचा हा अर्धपुतळा सापडला. चुनखडीचा गाभा, वर गिलावा आणि रंग, उंची जेमतेम दीड फुटाच्या वर. उजव्या डोळ्यात स्फटिक बसवलेला, डावी खोबण रिकामी. सुमारे सव्वातीन हजार वर्षं वाळूत राहूनही गालांवरचा रंग ताजा. बोर्खार्टने रोजनिशीत लिहिलं की वर्णन करून उपयोग नाही, पाहायलाच हवं.

तेव्हाच्या नियमाने निम्मं इजिप्तचं, निम्मं पथकाचं. २० जानेवारी १९१३ ला खात्याचा फ्रेंच निरीक्षक गुस्ताव लफेव्र वाटणीला आला. एका यादीच्या अग्रभागी राजकुटुंबाचं चित्र असलेली रंगीत वेदीशिळा होती, दुसऱ्या यादीत नेफर्टिटी. त्याने वेदीशिळेची यादी कैरोसाठी निवडली. त्या बैठकीला हजर असलेल्या जर्मन प्राच्यविद्या मंडळाच्या सचिवाने १९२४ मध्ये एक टिपण लिहून ठेवलं. ते २००९ मध्ये बाहेर आलं. त्यात म्हटलंय की बोर्खार्टला पुतळा काहीही करून जर्मनीसाठी राखायचा होता, त्याने निरीक्षकाला दाखवलेल्या फोटोत पुतळ्याचं सौंदर्य नीट दिसत नव्हतं, आणि यादीत तो साध्या गिलाव्याचा असल्याचं नोंदवलं होतं. जर्मन बाजूचं उत्तर असं की पेट्या उघड्या होत्या, निरीक्षकाने नीट बघायला हवं होतं.

बघायला हवंच होतं, हे मीही म्हणेन. पण पुढचं वागणं बोलकं आहे. बर्लिनला आल्यावरही पुतळ्याचा गाजावाजा करू नये असा बोर्खार्टचाच आग्रह होता. लोकांसमोर तो कायमचा मांडला गेला १९२४ मध्ये, आणि त्यानंतर लगेच इजिप्तने मागणी सुरू केली. जिथे वाटणी मोकळेपणाने झालेली असते तिथे माणसं सर्वांत सुंदर वस्तू इतकी वर्षं झाकून ठेवत नाहीत.

या कथेतला मला सर्वांत जवळचा माणूस जेम्स सिमोन. उत्खननाचा परवाना त्याच्या नावावर होता, पैसाही त्याचा. त्याने पुतळा १९२० मध्ये प्रशियाच्या सरकारला दान दिला. १९३० च्या सुमारास कैरोशी अदलाबदलीची बोलणी झाली तेव्हा याच सिमोनने जाहीरपणे संग्रहालयाने दिलेल्या शब्दाची आठवण करून दिली आणि पुतळा द्यावा म्हणून सांगितलं. लोकांच्या विरोधामुळे बोलणी फिसकटली. १९३३ मध्ये नाझी नेता गोअरिंग पुतळा द्यायला निघाला होता, तो हिटलरने अडवला. सिमोन ज्यू होता. नाझी काळात त्याचं नावही पुसलं गेलं. आज बर्लिनच्या म्युझियम बेटावर त्याच्या नावाची इमारत आहे, त्याचा सल्ला मात्र अजून अमलात आलेला नाही.

डेंडेराचं राशिचक्र काय प्रकरण आहे?

डेंडेराच्या हाथोर देवळात झिजलेल्या पायऱ्यांनी गच्चीवर गेलं की ओसायरिस देवाची छोटी खोली लागते. मान वर केली की छतावर आकाशाची वर्तुळाकार आकृती: बारा राशी, ग्रह, नक्षत्रदेवता, आणि हे सगळं हातांवर तोलून धरलेल्या उभ्या स्त्रिया. आपली मेष, वृषभ, कर्क, वृश्चिक सहज ओळखता येतात, म्हणून मराठी माणूस तिथे जास्तच रेंगाळतो. फक्त तो बघत असतो ती नक्कल. मूळ छत १८२१ मध्ये लेलोरें नावाच्या फ्रेंच माणसाने करवती आणि सुरुंगाची दारू वापरून काढलं. परवाना मुहम्मद अलीचा. फ्रान्सच्या राजाने ते दीड लाख फ्रँकला विकत घेतलं आणि आज ते पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे.

त्याच वर्षी या कृत्यावर एका फ्रेंच नियतकालिकात निनावी पत्र लिहून टीका करणारा माणूस होता शाँपोलियाँ. तेव्हा 'त्या काळी कोणालाच यात वावगं वाटत नव्हतं' असं कोणी म्हणालं तर हे पत्र दाखवावं. पुतळा उचलणं वेगळं आणि देवळाचं छत कापणं वेगळं, हे त्यालाही तेव्हाच दिसत होतं.

जगातल्या सगळ्यांना एका छताखाली सगळं बघता यावं, हे वाईट आहे का?

कल्पना म्हणून फार सुंदर आहे. ब्रिटिश म्युझियमला प्रवेश फुकट आहे, आणि एका दालनातून दुसऱ्यात जाताना असीरिया, इजिप्त, ग्रीस शेजारी शेजारी दिसतात याचा आनंद मीही घेतलाय. पण 'सगळे' म्हणजे कोण? असवानच्या शाळकरी मुलाने आपल्या राणीचा चेहरा बघायचा तर आधी शेंगेन व्हिसा, मग विमानाचं तिकीट, मग बर्लिनचं हॉटेल. बँकेची स्टेटमेंट जोडून व्हिसाच्या रांगेत उभं राहिलेल्या आपल्या लोकांना हे जास्त फोड करून सांगायला नको.

संग्रहालयं रिकामी पडतील ही भीतीही खरी नाही. ब्रिटिश म्युझियमकडे इजिप्त आणि सुदानच्या एक लाखाहून जास्त वस्तू आहेत आणि त्यांच्याच सांगण्यानुसार त्यातल्या साधारण चार टक्के मांडलेल्या असतात. मागणी आहे ती मोजक्या वस्तूंची.

तिथे त्या वस्तू सुरक्षित राहतील का? २०११ मध्ये कैरोचं संग्रहालय लुटलं होतं ना?

हो, २८ जानेवारी २०११ च्या रात्री तहरीर चौकातल्या संग्रहालयात लोक घुसले आणि काही वस्तू गेल्या. दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे: सामान्य कैरोवासीयांनी हातात हात घालून त्याच इमारतीभोवती साखळी केली. २०१३ मध्ये मिन्या प्रांतातल्या मल्लावीचं संग्रहालय लुटलं गेलं ते जास्त भयंकर होतं. हजाराहून अधिक वस्तू गेल्या, पुढे बऱ्याचशा सापडल्या. तुतनखामेनच्या मुखवट्याची दाढी निखळली तेव्हा ती चक्क इपॉक्सीने चिकटवली होती. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये कैरोच्या संग्रहालयाच्या प्रयोगशाळेतून अमेनेमोपे राजाचं सोन्याचं कडं चोरीला गेलं आणि वितळवलं गेलं. तीन हजार वर्षांचं कडं, सोन्याच्या भावाने विकलेलं. ती बातमी वाचली त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. यातलं काहीही झाकायची गरज नाही.

पण हाच निकष सगळ्यांना लावा. २०२३ मध्ये ब्रिटिश म्युझियमने कबूल केलं की त्यांच्याकडच्या सुमारे दोन हजार वस्तू गहाळ, चोरीला किंवा नासधूस झालेल्या आहेत. ऑक्टोबर २०२० मध्ये बर्लिनच्या म्युझियम बेटावर कोणीतरी साठ-सत्तर वस्तूंवर तेलकट द्रव उडवला, त्यात नॉयेस म्युझियममधल्या इजिप्शियन शवपेट्याही होत्या. नेफर्टिटी याच इमारतीत आहे. रिओ द जानिरोचं राष्ट्रीय संग्रहालय २०१८ मध्ये जळालं, तेव्हा ब्राझीलच्या सम्राटाला १८७६ मध्ये भेट मिळालेली, कधीच न उघडलेली एक शवपेटी राख झाली. म्हणून कोणी बर्लिन किंवा लंडनला 'तुम्हाला सांभाळता येत नाही, द्या इकडे' म्हणालं नाही.

दरम्यान गिझाच्या पिरॅमिडजवळचं ग्रँड इजिप्शियन म्युझियम १ नोव्हेंबर २०२५ ला पूर्णपणे उघडलं. दारातच रामसेस दुसरा याचा त्र्याऐंशी टनांचा पुतळा, आणि तुतनखामेनच्या थडग्यातल्या पाच हजारांवर वस्तू पहिल्यांदाच एकत्र. जागा नाही, सोय नाही, हे आता म्हणता येणार नाही.

आजचे इजिप्शियन लोक तर मुस्लिम आहेत, अरबी बोलतात. फारोंशी त्यांचा काय संबंध?

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी अजिंठ्याला नेते, निदान बोलण्यात तरी. आज अजिंठ्याच्या आसपास राहणारे बहुतेक लोक बौद्ध नाहीत, चित्रकारांची भाषा ते बोलत नाहीत, आणि कित्येक शतकं ती लेणी रानात हरवली होती. म्हणून अजिंठा आपला नाही का? तिथल्या भित्तिचित्राचा एक तुकडा बोस्टनच्या संग्रहालयात आहे, हे कळल्यावर पोटात जे होतं तेच उत्तर आहे.

इजिप्तमध्ये तर धागा आणखी जाड आहे. तिथला शेतकरी पेरणी-कापणीसाठी आजही तूत, बाबा, हातूर, कियाक हे कॉप्टिक महिने मोजतो. हातूरमध्ये हाथोर देवी बसलेली आहे. वसंतातला शम अन-नसीम हा सण मुस्लिम आणि ख्रिस्ती दोघेही खारवलेले मासे आणि कांदे घेऊन नाईलकाठी साजरा करतात. धर्म बदलला तरी नदी, माती आणि पंचांग तिथेच राहिलं.

कायदा काय सांगतो?

थोडक्यात: कायदा नव्या चोरीला पकडतो, जुन्या लुटीला नाही. १९७० चा युनेस्को करार बेकायदा निर्यात झालेल्या वस्तूंबद्दल आहे, पण मागच्या तारखेने लागू होत नाही. इजिप्तच्या १९८३ च्या ११७ क्रमांकाच्या कायद्याने पुरावस्तूंचा व्यापार बंद केला आणि त्या राज्याच्या मालकीच्या ठरवल्या. त्यामुळे त्यानंतर जमिनीतून काढून बाहेर नेलेली वस्तू ही चोरीची, आणि अमेरिकेच्या न्यायालयांनीही हे मान्य केलंय. एका इंग्रज तस्कराने अमेनहोतेप तिसरा याचं दगडी शिर प्लास्टिकच्या लेपात बुडवून, भडक रंगवून, पर्यटकांना विकतात तसल्या स्वस्त मूर्तीच्या रूपात बाहेर काढलं होतं. त्यातून उभ्या राहिलेल्या खटल्यात २००२ मध्ये न्यूयॉर्कचा एक मोठा विक्रेता दोषी ठरला.

रोझेटा, नेफर्टिटी, राशिचक्र ही तिन्ही या चौकटीबाहेर आहेत. ब्रिटिश म्युझियमला तर १९६३ च्या संसदेच्या कायद्यानेच संग्रहातली वस्तू देऊन टाकायला जवळजवळ बंदी आहे. पण कायदा संसदेने केलाय आणि संसद तो बदलू शकते. 'आमचे हात बांधलेत' हे जे म्हणतात, त्यांचे हात त्यांच्याच सरकारने बांधलेत.

आजवर कोणी काही परत दिलंय का?

दिलंय, आणि ते वाचलं की आशा वाटते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने २०१७ मध्ये नेजेमांख या पुरोहिताची सोनेरी शवपेटी सुमारे चाळीस लाख डॉलरला घेतली. सोबत १९७१ चा निर्यात परवाना होता. तपासात कळलं की परवान्यावर 'अरब रिपब्लिक ऑफ इजिप्त'चा शिक्का होता आणि तारीख मे महिन्याची. देशाला ते नाव मिळालं सप्टेंबरमध्ये. परवाना बनावट, आणि पेटी प्रत्यक्षात २०११ च्या गोंधळात मिन्यातून पळवलेली. २०१९ मध्ये ती परत गेली.

याच संग्रहालयाने तुतनखामेनच्या थडग्यातल्या १९ वस्तू आपणहून परत करण्याचं २०१० मध्ये जाहीर केलं. त्यात दोन सेंटिमीटरहून लहान एक कांस्याचा कुत्रा होता. एवढीशी वस्तू, पण दिली.

लूव्रकडून २००९ मध्ये टेटिकीच्या थडग्यातल्या भित्तिचित्रांचे पाच तुकडे आले, तेही हवास यांनी लूव्रच्या पथकांशी सहकार्य थांबवल्यावर. आणि ज्याला बहुतेक अभ्यासक रामसेस पहिला मानतात ती ममी: नायगारा धबधब्याजवळच्या एका संग्रहालयात ती शतकाहून जास्त काळ चित्रविचित्र वस्तूंच्या गर्दीत पडून होती. १९९९ मध्ये अटलांटाच्या एमरी विद्यापीठाच्या संग्रहालयाने तो संग्रह घेतला, तपासण्या केल्या, आणि २००३ मध्ये राजाला घरी पाठवलं. कोणी खटला भरला नव्हता.

इजिप्तने स्वतःहून काय दिलंय?

देवळं! असवानच्या उंच धरणात न्यूबियाचा प्रदेश बुडणार म्हणून १९६० पासून युनेस्कोने मोहीम चालवली. मदत केलेल्या देशांना इजिप्तने डेंडुर, देबोद, तफेह अशी अख्खी देवळं भेट दिली. ती न्यूयॉर्क, माद्रिद, लायडेनला आहेत आणि कोणी परत मागत नाही. त्या मोहिमेत भारताचंही पथक होतं, बी. बी. लाल यांनी अफ्येह इथे उत्खनन केलं.

मालकी तशीच ठेवून उसनं द्यायला काय हरकत आहे?

याचं उत्तर महाराष्ट्राला आता अनुभवाने माहीत आहे. २०२४ च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून वाघनखं साताऱ्याला आली, तीन वर्षांच्या बोलीवर. (ती नखं नेमकी कोणती, हा इतिहासकारांचा वाद इथे नको.) लोकांनी रांगा लावून दर्शन घेतलं, आणि बोलताना 'परत आली' असंच म्हणत राहिले, कागदावर मात्र 'उसनी' होतं. बघायला मिळालं हे मोलाचंच. पण आपली म्हणून मानलेली वस्तू मुदतीवर मिळते आणि मुदत संपली की परत करायची, हे मनाला लागतं.

इजिप्तपुढची अडचण आणखी आहे. उसनं मागताना ती वस्तू समोरच्याची आहे हे लिहून द्यावं लागतं. तरीही मी म्हणेन, रोझेटा तीन महिन्यांसाठी का होईना, रशीदला जाऊ द्या. एकदा गेली की ती परत लंडनला आणताना सांगायचं काय, हे लंडनलाच ठरवावं लागेल.

भारतातही ममी आहेत. त्यांचं काय?

आहेत. सयाजीरावांच्या बडोद्याच्या संग्रहालयात, कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये, हैदराबादला आणि जयपूरच्या अल्बर्ट हॉलमध्ये. ऑगस्ट २०२० मध्ये जयपूरला धो धो पाऊस पडून अल्बर्ट हॉलमध्ये पाणी शिरलं, तेव्हा कर्मचाऱ्यांनी 'तूतू'ची ममी काचेच्या पेटीतून बाहेर काढून वर नेली.

बडोद्याची ममी मी शाळेच्या सहलीत पाहिली. मुलं काचेला नाक लावून खिदळत होती आणि बाईंनी एकदम सगळ्यांना गप्प केलं: "अरे, हे माणूस आहे. कोणाची तरी मुलगी असेल." ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. दगडाचा पुतळा आणि माणसाचा देह यांच्यात फरक करावाच लागतो. वाघनखांसाठी हळवे होणाऱ्या आपण या देहांबद्दल इजिप्तला निदान पत्र लिहून विचारावं, की यांचं काय करावं अशी तुमची इच्छा आहे? ते म्हणतील राहू द्या, तर सन्मानाने ठेवू. मागितले तर द्यावेत, आणि इतरांकडून जे मागतो तेच आपणही केलं असं म्हणता यावं.

तुमच्या मते नेमकं काय परत जायला हवं?

नेफर्टिटी, राशिचक्र आणि रोझेटा, याच क्रमाने. नेफर्टिटी आधी, कारण तिथे फसवणुकीची शंका कागदावर आहे. राशिचक्र त्यानंतर, कारण त्याची जागा अजून तशीच आहे, छतात. रोझेटाचा दावा कायद्याने सर्वांत कठीण आहे, पण ती बाहेर पडली युद्धातून, आणि ते तिच्या कडेवर लिहिलेलं आहे. पॅरिसच्या चौकातला लुक्सरचा स्तंभ राहू दे. तो मुहम्मद अलीने भेट दिला होता, आणि तिथे त्याची शोभाही आहे.

इजिप्तला चाललोय. बाजारात 'खरी जुनी' वस्तू मिळाली तर घ्यावी का?

अजिबात नाही. कैरोच्या खान अल-खलीली बाजारात तुमच्या तळहातावर भुंग्याच्या आकाराचं ताईत ठेवून दुकानदार हळूच म्हणेल की शेतात सापडलं, आजोबांचं आहे. शंभरातली नव्याण्णव बनावट असतात. उरलेलं एक खरं निघालं तर विमानतळावर अटक होऊ शकते, आणि ते ज्या थडग्यातून निघालं तिथली माती, शेजारच्या वस्तू, सगळी माहिती कायमची गेलेली असते. हौस असेल तर चांगल्या कारागिराकडून नवीन घ्या. पपायरसवरची चित्रं घेताना कोपरा हलकेच वाकवून बघा: खरा पपायरस लवचीक असतो आणि उजेडात धरला की आडव्या-उभ्या पट्ट्यांची वीण दिसते, केळीच्या पानाचा नकली कागद तडकतो. आणि घरात आजोबांच्या ट्रंकेत असं काही सापडलं, तर विकायला काढू नका. फोटो काढा, ते कुठून आलं याबद्दल घरातल्या वडीलधाऱ्यांना आठवतंय तोवर लिहून घ्या, आणि जवळच्या संग्रहालयाला दाखवा.